एका झेंड्याखाली दोन पंगती

मंडळी, आज मी तुम्हाला एका बेटाची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. तीस वर्षं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. आकडा दिसला की त्याचा तक्ता करायचा आणि तक्ता झाला की निष्कर्ष काढायचा, ही आमची जन्माची खोड. निवृत्तीनंतरही ती गेली नाही.

निवृत्तीनंतर मी काही महिने मुलीकडे अमेरिकेत होतो. वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा शहराच्या जवळ तिचं घर आहे. शेजारी एक गृहस्थ राहत, अमेरिकन लष्करातून निवृत्त झालेले. संध्याकाळी ते झाडांना पाणी घालत आणि मी कुंपणाशी उभा राहून गप्पा मारत असे. पहिल्या दिवशी मला ते फिलिपिन्सचे वाटले. ते हसले आणि म्हणाले, ‘मी चामोरो. ग्वामचा.’ ग्वाम हे नाव मी ऐकलेलं होतं. २०१७ मध्ये उत्तर कोरियाने त्या बेटाच्या आसपास क्षेपणास्त्रं डागण्याची धमकी दिली, तेव्हा ते आपल्याकडच्या बातम्यांतही आलं होतं. पण तिथे माणसं राहतात आणि त्यांना स्वतःचं नाव, भाषा आणि साडेतीन हजार वर्षांचा इतिहास आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

अमेरिकेचं जनगणना खातं लोकांना त्यांचा वंश आणि पूर्वजांचा देश विचारतं आणि त्यावरून उत्पन्न, शिक्षण, घर, नोकरी असे तक्ते तयार करतं. मी आपला उत्साहाने दोन समाज शेजारी शेजारी मांडून बसलो. एकीकडे ‘ब्रिटिश’ पूर्वज सांगणारे आणि दुसरीकडे चामोरो. ब्रिटिश मंडळींचं कौटुंबिक उत्पन्न देशाच्या सरासरीच्या बरंच वर आणि त्यांच्यात पदवीधरही भरपूर. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या चामोरो कुटुंबांचं उत्पन्न साधारण मधल्या पट्ट्यात, पदवीधरांचं प्रमाण मात्र देशाच्या सरासरीपेक्षा कमी. मी तो कागद शेजाऱ्यांना दाखवला आणि मास्तरी थाटात विचारलं, ‘तुमच्या लोकांना शिक्षणाची ओढ कमी आहे का हो?’

त्यांनी कागद शांतपणे वाचला, परत दिला आणि एवढंच विचारलं, ‘यात सुमाय कुठे आहे?’

सुमाय म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. ते जाणून घ्यायला पुढचे कित्येक दिवस मी वाचनालयात घालवले. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी त्या तक्त्याचीच तपासणी करू. पहिला प्रश्न असा की ‘ब्रिटिश’ म्हणजे नेमकं कोण? अमेरिकेच्या जनगणनेत १९८० साली पहिल्यांदा पूर्वजांबद्दल थेट प्रश्न विचारला गेला आणि उत्तर ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहायचं होतं. तेव्हा सुमारे ४ कोटी ९६ लाख लोकांनी आपले पूर्वज इंग्लिश असल्याचं लिहिलं. १९९० मध्ये हा आकडा ३ कोटी २७ लाखांवर आला आणि २००० मध्ये २ कोटी ४५ लाखांवर. वीस वर्षांत निम्मे इंग्लिश गेले कुठे? ना साथ आली, ना लढाई झाली. १९८० च्या अर्जावर नमुन्याच्या उत्तरांत ‘इंग्लिश’ हा शब्द छापलेला होता, पुढच्या वेळी तो गाळला गेला. डोळ्यांसमोर शब्द नाही म्हटल्यावर लोकांनी दुसरं काही लिहिलं. २००० साली सुमारे २ कोटी लोकांनी तर नुसतं ‘अमेरिकन’ असं उत्तर दिलं. आणि २०२० च्या जनगणनेत ‘इंग्लिश’ शब्द पुन्हा नमुन्यात आला, तेव्हा आकडा ४ कोटी ६६ लाखांपर्यंत चढला!

आणि ‘इंग्लिश’, ‘स्कॉटिश’, ‘वेल्श’ यांपैकी काहीही न लिहिता ‘ब्रिटिश’ असंच लिहिणारे २००० साली जेमतेम दहा-अकरा लाख होते. हा शब्द कोण निवडत असेल? अलीकडे विलायतेहून चांगल्या नोकरीवर आलेले आणि घराण्याचे जुने कागद जपणारे लोक त्यात जास्त असणार, असं मला वाटतं. म्हणजे माझ्या तक्त्यातला ‘ब्रिटिश’ रकाना हा अमेरिकेतल्या सगळ्या ब्रिटिश वंशजांचा नव्हताच. गव्हाच्या पोत्यातून निवडून काढलेल्या मूठभर दाण्यांवरून मी पोत्याचा भाव ठरवत होतो.

चामोरोंचं तसं नाही. त्यांच्यासाठी जनगणनेच्या अर्जावर वंशाच्या प्रश्नातच वेगळा चौकोन असतो. गरीब असो की श्रीमंत, शिकलेला असो की नसो, चामोरो माणूस त्या चौकोनात खूण करतो. एका समाजाला आपलं नाव हवं तेव्हा उतरवून ठेवता येतं, दुसऱ्याच्या अंगावर ते छापलेलं असतं. या दोघांची सरासरी शेजारी मांडली की तुलना पहिल्या पावलालाच घसरते.

दुसरी गोष्ट घराची. ‘कौटुंबिक उत्पन्न’ म्हणजे एका छपराखालच्या सगळ्यांचं मिळून उत्पन्न. चामोरो घरात आजी, मामा, लग्न झालेली मुलगी, तिची पोरं अशी माणसं एकत्र असणं नेहमीचं. चार जण कमावतात आणि आठ जण जेवतात. ब्रिटिश वंशजांचं घर लहान, बहुतेक वेळा दोघांचं, आणि त्यांचं सरासरी वयही जास्त. पन्नाशीच्या माणसाचा पगार पंचविशीच्या पोरापेक्षा जास्त असणार हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. घराच्या आकड्यात जी दरी लहान दिसते ती माणशी हिशेब केला की वाढते आणि वयाचा हिशेब धरला की त्यातली काही पुन्हा कमी होते. एका आकड्यात हे सगळं मावत नाही.

पण हे झालं मोजण्याचं. खरा प्रश्न सुमायचा होता. त्यासाठी इतिहासाकडे वळावं लागतं.

पश्चिम प्रशांत महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेली मारियाना बेटांची माळ आहे. ग्वाम हे त्यातलं सर्वांत दक्षिणेचं आणि सर्वांत मोठं बेट, तेही अवघं ५४० चौरस किलोमीटरचं. आग्नेय आशियाकडून होड्यांनी आलेले लोक सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे वसले. तेच चामोरोंचे पूर्वज. आईकडून चालणारी कुळं, दगडी खांबांवर उभारलेली घरं आणि वाऱ्यासारख्या पळणाऱ्या शिडाच्या होड्या ही त्यांची ओळख. ६ मार्च १५२१ या दिवशी मॅगेलन इथे पोचला. हा मॅगेलन आपल्या किनाऱ्याला अनोळखी नव्हता. पोर्तुगीजांच्या चाकरीत असताना तो १५०९ च्या दीवच्या लढाईत लढला होता. पुढे तो स्पेनकडे गेला. ग्वामच्या लोकांनी त्याच्या जहाजावरच्या वस्तू आणि एक लहान होडी नेली. त्याने माणसं मारून, घरं जाळून त्याचा बदला घेतला आणि बेटांना नाव पडलं ‘चोरांची बेटं’. बाहेरून आलेल्याने केलेली या समाजाची ती पहिली नोंद. माझा तक्ता त्या मानाने सभ्य होता, पण जातकुळी तीच.

१५६५ मध्ये स्पेनने बेटांवर हक्क सांगितला, १६६८ मध्ये जेझुइट मिशनरी आले आणि बेटांना स्पेनच्या राणी मारियानाचं नाव मिळालं. नंतरची पंचवीस-तीस वर्षं लढाया, रोगराई आणि सक्तीची स्थलांतरं यांत गेली. हजारोंच्या संख्येने असलेला हा समाज १७१० च्या सुमाराला चार हजारांच्याही खाली आला होता. जे उरले त्यांनी धर्म कॅथलिक घेतला, आडनावं स्पॅनिश घेतली, पण भाषा सोडली नाही.

याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं? १६०७ मध्ये जेम्सटाउन आणि १६२० मध्ये प्लिमथ इथे इंग्लंडहून आलेल्यांनी वसाहती केल्या. भाषा त्यांची, कायदा त्यांचा, जमीन मोजण्याची आणि ती कागदावर मालकाच्या नावे लावण्याची रीतही त्यांचीच. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने बाहेरून आलेल्या ‘स्वतंत्र गोऱ्या माणसाला’ नागरिकत्वाचं दार उघडलं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन जवळजवळ फुकट देऊ केली. पुढे सुमारे १६ लाख अर्जदारांना मिळून २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. ती मूळच्या रहिवाशांकडून घेतलेली होती, हा त्यातला न बोलला जाणारा भाग. ती केवळ ब्रिटिश वंशजांना मिळाली असं नाही. जर्मन, स्कँडिनेव्हियन आणि इतरांनाही मिळाली. पण एकोणिसाव्या शतकात विलायतेहून येणाऱ्या विणकराला किंवा खाणकामगाराला नवी भाषा शिकावी लागली नाही की नवा कायदा समजून घ्यावा लागला नाही. बोटीतून उतरला की तो गर्दीत मिसळून जाई. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले. १९२९ पासून सगळ्या कोट्यांच्या मिळून वर्षाला दीड लाखाच्या आसपास जागा होत्या, त्यातल्या ६५,७२१ एकट्या ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडला. पंगतीत आधीच पाट मांडून ठेवलेला होता.

चामोरो या पंगतीत कसे आले ते पाहा. जून १८९८. स्पेन आणि अमेरिकेत युद्ध सुरू झालं होतं, पण ग्वामला त्याची खबरच नव्हती. अमेरिकेच्या ‘चार्ल्स्टन’ या युद्धनौकेने तोफा डागल्या, तेव्हा बेटावरच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना ती सलामी वाटली. परत सलामी द्यायला आमच्याकडे दारू नाही, अशी दिलगिरी सांगायला ते बोटीवर गेले आणि तिथे त्यांना कळलं की आपण कैदी आहोत. ऐकायला गमतीदार वाटतं. पण त्या दिवसापासून चामोरो समाजाचे दोन तुकडे झाले. ग्वाम अमेरिकेकडे गेलं. उत्तरेची बेटं स्पेनने १८९९ मध्ये जर्मनीला विकली, १९१४ मध्ये ती जपानने घेतली. एकाच रक्ताची माणसं दोन साम्राज्यांत वाटली गेली.

ग्वामवर अमेरिकन आरमाराचं राज्य सुरू झालं. १९०१ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काही निकाल दिले. त्यांचं तात्पर्य असं, की असे मुलूख अमेरिकेच्या मालकीचे आहेत, पण अमेरिकेचा भाग नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर घरातले, पण घरचे नव्हेत. जो आरमारी अधिकारी गव्हर्नर म्हणून येईल त्याचा हुकूम हाच कायदा. १९१७ मध्ये इंग्रजीच्या सक्तीचा हुकूम निघाला आणि शाळेत चामोरो बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होऊ लागली. आरमारात भरती व्हायचं तर चामोरो तरुणाला जेवणघरात वाढप्याचं काम मिळे. ज्या समाजात शिक्षणाची ओढ कमी आहे का, असं मी विचारलं होतं, त्या समाजाच्या आजी-आजोबांनी शाळेत आपलीच भाषा बोलल्याबद्दल मार खाल्ला होता.

आता सुमाय. आप्रा बंदराच्या काठावरचं हे गाव. १९०३ मध्ये प्रशांत महासागराखालून आलेल्या तारेचं ठाणं इथे झालं. १९३५ पासून पॅन अमेरिकन कंपनीची समुद्रावर उतरणारी विमानं इथे थांबू लागली. हॉटेल आलं, दुकानं आली. १९४० मध्ये साऱ्या बेटाची वस्ती २२ हजारांच्या आसपास होती आणि राजधानीच्या खालोखाल भरभराटीचं गाव होतं सुमाय. म्हणजे संधी मिळाली तेव्हा हे लोक धंदा करत होते, कमावत होते.

८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरनंतर काही तासांत, जपानी विमानांनी सुमायवर बॉम्ब टाकले. दोन दिवसांत बेट पडलं. अमेरिकन फौज परत आली ती थेट २१ जुलै १९४४ रोजी. मधल्या अडीच वर्षांत सक्तीची मजुरी, मारहाण, शेवटी मानेंगोनच्या छावणीकडे पायपीट. एका अमेरिकन आरमारी सैनिकाला चामोरोंनी शेवटपर्यंत लपवून ठेवलं. त्या प्रकरणात छळ झालेल्यांपैकी फादर दुएन्यास या चामोरो धर्मगुरूचा जपान्यांनी जुलै १९४४ मध्ये शिरच्छेद केला. इतकी निष्ठा दाखवणाऱ्या या माणसांना तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्वही नव्हतं.

सुटका झाली. सुमायचे लोक घरी निघाले आणि त्यांना कळलं की आता घरी जाता येणार नाही. गावाच्या जागी आरमाराचा तळ होणार होता. त्यांना जवळच्या टेकडीवर सांता रिता इथे वसवण्यात आलं. युद्धानंतरच्या काही वर्षांत लष्कराने बेटाची निम्म्याहून अधिक जमीन ताब्यात घेतली होती. मोबदला ठरला तो पडत्या भावाने, आणि त्याविरुद्ध दाद मागायला सामान्य माणसाला वकीलही मिळेना. पुढे बरीच जमीन सोडली गेली, तरी आजही बेटाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग लष्कराकडे आहे. सुमायचे वारस वर्षातून एक दिवस तळाच्या फाटकातून आत जातात. पडक्या चर्चच्या जागी प्रार्थना करतात, पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं वाहतात आणि संध्याकाळी बाहेर येतात. माझ्या शेजाऱ्यांची आई सुमायची. बंदराच्या काठावरची घराची आणि दुकानाची ती जमीन तिच्याकडे राहिली असती, तर पुढच्या दोन पिढ्यांची फी, घर आणि भांडवल त्यातूनच उभं राहिलं असतं. माझ्या तक्त्यात ‘पदवीधर’ असा रकाना होता, पण ‘जमीन कोणी नेली’ असा नव्हता.

१९४९ मध्ये ग्वामच्या प्रतिनिधींनी आरमारी गव्हर्नरच्या अधिकाराविरुद्ध सभात्याग केला आणि १ ऑगस्ट १९५० पासून चामोरोंना नागरिकत्व व मुलकी सरकार मिळालं. १७९० आणि १९५० या दोन सालांमध्ये १६० वर्षांचं अंतर आहे. तरीही १९६२ पर्यंत आरमाराच्या परवानगीशिवाय बेटावर येता-जाता येत नव्हतं. तो निर्बंध उठला त्याच वर्षी कॅरेन वादळाने बेटावरची बहुतेक घरं जमीनदोस्त केली. अनेक कुटुंबं तेव्हा मुख्य भूमीकडे निघाली. सॅन दिएगो, लाँग बीच, टॅकोमा, ब्रेमर्टन. नकाशा पाहिला तर ही सगळी लष्करी तळांच्या आसपासची ठिकाणं. कारण चामोरो तरुणापुढे वर जाण्याचा एकच जिना होता, तो म्हणजे फौज. या जिन्याने स्थिर पगार दिला, निवृत्तिवेतन दिलं. मधल्या पट्ट्यातलं ते उत्पन्न आलं ते इथून. पण अठराव्या वर्षी गणवेश चढवणारा मुलगा बाविसाव्या वर्षी पदवीधर कसा होणार? आणि या जिन्याची किंमतही जबर होती. व्हिएतनामच्या युद्धात लोकसंख्येच्या मानाने ग्वामने फार मोठ्या प्रमाणात मुलं गमावली.

आज अमेरिकेच्या राज्यांत राहणारे चामोरो ग्वाममध्ये राहणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. २०२० मध्ये राज्यांत ते सुमारे १ लाख ४४ हजार होते. ग्वामची एकूण वस्ती १ लाख ५३ हजार, आणि त्यात चामोरो साधारण एक तृतीयांश. म्हणजे आपल्याच बेटावर ते निम्मेही उरलेले नाहीत.

इथे तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण शेवटी समाजाचा स्वभावही असतोच की. मीही असंच म्हणत असे. म्हणून दोन पडताळे घेऊ.

पहिला पडताळा ब्रिटिश वंशजांचाच. अमेरिकेच्या पूर्वेकडे ॲपलाचिया हा डोंगराळ मुलूख आहे. तिथे मुख्यतः स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि इंग्लंडहून आलेल्यांचे वंशज राहतात. रक्त तेच, भाषा तीच. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केंटकीच्या डोंगरात कंपन्यांच्या दलालांनी एक खास खरेदीखत फिरवलं. वरची जमीन शेतकऱ्याची राहील, खालचा कोळसा आणि तो काढण्याचा हक्क कंपनीचा. अक्षरओळख बेताची असलेल्या लोकांनी किरकोळ पैशांत त्यावर सह्या केल्या. पुढे यंत्रं आली आणि त्याच कागदाच्या जोरावर वरचं शेत, झाडं, विहिरी सगळं खरवडून कोळसा काढला गेला. केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून याला आळा घातला तो १९८८ मध्ये. १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन गरिबीविरुद्धची मोहीम घेऊन निघाले तेव्हा ते केंटकीतल्या अशाच एका गरीब घराच्या पडवीत बसले होते. जमिनीवरचा हक्क गेला तेव्हा ब्रिटिश रक्तही दारिद्र्यातून वाचवू शकलं नाही. आणि गंमत अशी, की याच भागात पूर्वज विचारल्यावर नुसतं ‘अमेरिकन’ लिहिणारे लोक फार आहेत. गरीब वंशज ‘ब्रिटिश’ रकान्यातून बाहेर, आणि सरासरी आपली दिमाखात वर!

दुसरा पडताळा चामोरोंचा. ते आज तीन ठिकाणी राहतात: मुख्य भूमीवर, ग्वामवर आणि उत्तर मारियाना बेटांवर. २०१९ मध्ये ग्वामच्या मधल्या कुटुंबाचं उत्पन्न सुमारे ५८ हजार डॉलर होतं, उत्तर मारियानाचं ३१ हजारांच्या आसपास आणि साऱ्या अमेरिकेचं ६५ हजारांच्या वर. बेटांच्या या आकड्यांत फिलिपिनो आणि इतर रहिवासीही धरलेले आहेत. उत्तरेकडे कपड्यांचे कारखाने २००९ पर्यंत बंद पडले, २०१८ मध्ये मोठं वादळ आलं. पण उत्तरेच्या लोकांनी १९७० च्या दशकात अमेरिकेशी वाटाघाटी करून करार केला, म्हणून तिथली जमीन बाहेरच्यांना कायमची विकत घेता येत नाही आणि निराधार वृद्ध व अपंगांना मिळणारी केंद्र सरकारची मदतही तिथे मिळते. ग्वामशी असा करार कधी झालाच नाही. तिथे ती मदत मिळत नाही. २०२२ मध्ये पोर्तो रिकोच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने हा भेद घटनेला धरून असल्याचं ठरवलं. समजा, तीन सख्ख्या बहिणी आहेत. तिघीही अपंग, तिघीही गरीब, तिघीही अमेरिकन नागरिक. टॅकोमाची बहीण पात्र, सायपानची पात्र, ग्वामची अपात्र. यात स्वभावाचा संबंध कुठे आला?

मताचंही तसंच. ग्वाम तारीखरेषेच्या पश्चिमेला, म्हणून ‘अमेरिकेचा दिवस इथे उगवतो’ असं तिथे अभिमानाने म्हणतात. पण अमेरिकेचा अध्यक्ष निवडताना तिथलं मत धरत नाहीत. काँग्रेसमध्ये १९७३ पासून एक प्रतिनिधी आहे, त्याला सभागृहाच्या अंतिम मतदानात मत नाही. शेजारी मला म्हणाले, ‘मी निवृत्त होऊन लंडनला राहायला गेलो तर टपालाने मत देऊ शकतो. आईजवळ ग्वामला गेलो तर नाही.’ त्यांची बहीण आईला सांभाळायला घरी राहिली. त्यांना मत आहे, तिला नाही.

एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. नातेवाइकांपैकी कुणाचा तरी बाप्तिस्मा होता. गॅरेजमध्ये टेबलं मांडलेली, लाल भात, निखाऱ्यावर भाजलेलं मांस आणि शंभर-सव्वाशे माणसं. आत एक बाई वहीत नोंदी करत होत्या. कोणी किती पैसे दिले, कोणी भाताचं पातेलं आणलं, कोणी रात्रभर राबलं. या देवाणघेवाणीला ते ‘चेंचुले’ म्हणतात. मला एकदम आपल्या लग्नघरातली आहेराची वही आठवली. अडचणीच्या वेळी हीच वही उघडते. कुणाच्या अंत्यविधीचा खर्च, कुणाचं विमानाचं तिकीट, कुणाची पहिली फी त्यातूनच निघते. चार शतकांत राज्यं बदलली, पण ही वही बंद झाली नाही. हे भांडवल कुठल्याही जनगणनेच्या रकान्यात येत नाही. मात्र त्याला दुसरी बाजूही आहे. चांगला पगार मिळवणारा पोरगा सगळ्यांचं देणं फेडत राहतो आणि त्याची स्वतःची शिल्लक वाढत नाही. हे शेजाऱ्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

मंडळी, याचा अर्थ तुलना करूच नये असा नाही. तक्ते नसते तर ग्वामच्या माणसाला काय मिळत नाही हेही दाखवता आलं नसतं. पण दोन समाज शेजारी मांडले की मी आता तीन गोष्टी आधी विचारतो. या नावाखाली कोण मोजलं गेलं आणि कोण निसटलं? हक्क कोणाला कधी मिळाले? आणि पायाखालची जमीन कोणाकडे राहिली? ही उत्तरं मिळाल्यावर जे उरेल त्याला हवं तर स्वभाव म्हणा. बहुतेक वेळा फारसं काही उरत नाही. एकाच झेंड्याखाली दोन पंगती बसल्या. एका पंगतीचे पूर्वज वाढपी ठरवत होते, दुसऱ्या पंगतीचे पूर्वज अक्षरशः वाढपी होते. जेवण संपल्यावर कोणाचं पोट जास्त भरलं हे मोजून आपण भुकेबद्दल निष्कर्ष काढतो.

भारतात परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो कागद पुन्हा घेऊन कुंपणाशी गेलो. त्यात हाताने एक रकाना वाढवला होता आणि त्यावर लिहिलं होतं ‘सुमाय’. खाली जागा कोरीच होती. तिथे लिहायला माझ्याकडे आकडा नव्हता. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘हा आता माझ्याकडे राहू दे. पुढच्या वर्षी सुमायला जाईन तेव्हा आईच्या घराच्या जागी उभा राहून वाचेन.’